मुरड बाजूला, डोक्यावर नाही

मेल्टनकर पाय (म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला इंग्रजी 'pie') कापायला बसला की मी हातातलं काम ठेवून बघते. फ्रिजमधून काढलेला गार पोर्क पाय तो लाकडी फळीवर ठेवतो, झाकणाच्या मधोमध सुरीचं टोक टेकवतो आणि एका दाबात खाली नेतो. कवच तडकल्याचा बारीक आवाज येतो. मग कापलेली बाजू आमच्याकडं वळवतो. बाहेर खरपूस तपकिरी कवच, आत मऊ पांढुरका थर, मग काचेसारख्या जेलीची अरुंद कड आणि मधोमध जाडसर चिरलेलं राखाडी मांस. "राखाडी आहे ना? मग खरा," तो म्हणतो. दर वेळी म्हणतो.

त्यावर विगनकर बोलल्याशिवाय राहत नाही. "गार? पाय कुणी गार खातं का?" आणि आमची शुक्रवारची दुपार सुरू होते.

ही आडनावं मी दिलेली आहेत. आमच्या कोल्हापुरात माणसाला गाव चिकटलेलं असतं. शिरोळकर, पन्हाळकर, निपाणीकर, नुसतं नाव ऐकलं तरी एसटीचा कुठला फलाट ते कळतं. मँचेस्टरजवळच्या या ऑफिसात मी बारा वर्षं काम करते. इथल्या नावांवरून गाव कळत नाही. पायवरून कळतं. लेस्टरशरमधल्या मेल्टन मोब्रेचा तो मेल्टनकर, विगनचा तो विगनकर, स्कॉटलंडातल्या फोर्फरचा फोर्फरकर. आणि माझ्या शेजारच्या टेबलावरची कॉर्नवॉलकरीण. पायवरून वाद पेटला की ती आधीच बजावते, आमचा तो पाय नव्हेच. आमची पेस्टी. (आपल्या करंजीसारखी, पण आत मांस.)

मी यांपैकी कुठल्याच गावची नाही म्हणून त्यांनी मला पंच नेमलं. पंचाला सगळं चाखता यायला हवं, आणि मी बीफ खात नाही. आजीला शब्द दिलाय. हे मी पहिल्याच शुक्रवारी सांगून टाकलं. कुणी वाद घातला नाही. फक्त कॉर्नवॉलकरणीचा चेहरा उतरला, कारण कॉर्निश पेस्टी म्हणजे बीफच. तिथं दुसरा पर्याय नाही. तिच्या चेहऱ्यावरचं ते वाईट वाटणं माझ्यासाठी होतं, तिच्या पेस्टीसाठी नव्हतं. ते मला लगेच ओळखू आलं. घरी आलेला पाहुणा तांबडा रस्सा न चाखता उठला की आमच्या आईचा चेहरा असाच होतो.

हे भांडण मला नवीन नाही. मिसळीवरून मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पुण्याची मिसळ, नाशिकची मिसळ, कोल्हापूरची मिसळ. पुण्यातल्या मिसळीत पोहे असतात असं कुणी सांगितलं की आमचे काका बसल्या जागी सरसावून बसायचे. आणि कोल्हापुरातल्या कोल्हापुरातही एकमत नाही, पेठ बदलली की कट बदलतो. पण एक गोष्ट ठरलेली. बाहेरच्या माणसानं "मग चांगली मिसळ मिळते कुठं?" विचारलं की उत्तरात कुणी दुकानाचं नुसतं नाव सांगत नाही. "उद्या सकाळी तयार राहा, नेतो," असं सांगतात.

इथंही तेच झालं. सुपरमार्केटमधला पोर्क पाय मी एकदा डब्यात आणला, तर मेल्टनकरानं तो हातात घेऊन, वरचं लेबल वाचून, अगदी हळुवारपणे परत ठेवला. म्हणाला, "ख्रिसमसच्या आदल्या दिवशी मोकळी आहेस?"

२४ डिसेंबरला पहाटे, अजून अंधार असताना, मेल्टन मोब्रेच्या नॉटिंगहॅम स्ट्रीटवर आम्ही रांगेत उभे होतो. थंडीनं पायांची बोटं बधिर झाली होती. पुढं-मागं माणसंच माणसं, कानटोप्या, थर्मासमधला चहा. त्या भागात ख्रिसमसच्या सकाळी न्याहारीला पोर्क पाय खायची रीत आहे, आणि तो आदल्या दिवशी ताजा आणायचा असतो. माझ्या पुढच्या आजोबांनी सांगितलं की ते लहानपणी वडिलांचा हात धरून याच रांगेत यायचे. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून फराळाच्या ताटासमोर बसताना जसं वाटतं, तसं काहीतरी त्या रांगेत होतं. अजून खायला काही मिळालेलं नाही, पण सण लागलेला आहे.

दुकान १८५१ पासूनचं. पण त्याच्याही आधी, १८३१ च्या सुमाराला, गावातल्या एडवर्ड ॲडकॉक नावाच्या बेकरनं लीड्स-लंडन घोडागाडीवरून हे पाय लंडनला पाठवायला सुरुवात केली. गाव कोल्ह्यांच्या शिकारीचं. घोड्यावरून दिवसभर फिरणाऱ्यांच्या खिशात मावेल, आदळआपट सोसेल, गार खाता येईल असं खाणं हवं होतं. आणि डुकरं का होती? तर आसपास स्टिल्टन चीज बनायचं. चीज झाल्यावर उरणारं पाणी डुकरांना पाजायचे. एका पदार्थाच्या उरल्यासुरल्यावर दुसरा पदार्थ उभा राहिला. आपल्याकडं मटण शिजवलेलं पाणी, म्हणजे अळणी, वाया जात नाही, त्याचाच पांढरा रस्सा होतो. तसंच हे.

मला खरं थांबवून ठेवलं ते कवचानं. पाण्यात डुकराची चरबी घालून उकळायची, ते उकळतं पाणी पिठावर ओतायचं आणि गरम असतानाच मळायचं. हे ऐकताच मी म्हटलं, ही तर उकड! मोदकाच्या उकडीत आपण तूप-मीठ घालून पाण्याला आधण आणतो आणि पीठ घालतो, तीच रीत. फरक एवढाच की आपण तांदळाचं पीठ घेतो आणि वाफवतो, ते गव्हाचं घेतात आणि भाजतात. डॉली नावाचा लाकडी ठोकळा असतो, बाटलीच्या बुडाएवढा. त्याच्याभोवती पीठ वर वर चढवत नेतात आणि ठोकळा अलगद काढून घेतात. उरते ती पारी. मोदकाची पारी जशी अंगठ्यानं चढवायची, तशीच. मांस भरायचं, झाकण लावून कडा चिमटायच्या, आणि कुठल्याही साच्याशिवाय भट्टीत उभं करायचं. साचा नसल्यामुळं भाजताना त्याचं पोट सुटतं. फुगीर बाजू दिसली की तो मेल्टनचा, सरळ बाजू दिसली की साच्यातला. मांस खारवलेलं नसतं, म्हणून शिजल्यावर राखाडी होतं. खारवलेलं असेल तर गुलाबी राहतं. आणि ते चिरलेलं असतं, खिमा केलेलं नसतं. पाय भाजून निघाला की आतलं मांस आकसतं आणि पोकळी राहते. त्या पोकळीत झाकणाच्या भोकातून डुकराच्या पायांचा आणि हाडांचा गरम रस ओततात. तो गार होऊन जेली होते आणि आत हवा शिरू देत नाही.

(आईला मी फोनवर हे सांगत होते तेव्हा ती मधेच म्हणाली, "पायात पायांचा रस्सा? मग नाव बरोबर आहे की." बकऱ्याच्या पायांचं सूप सकाळपर्यंत कसं थिजून थरथरतं हे तिला सांगायची गरज नव्हती.)

ही फुगीर बाजू, हे राखाडी मांस जपायला गावाला कोर्टात जावं लागलं. १९९८ साली तिथल्या पायवाल्यांनी संघटना काढली. दूरच्या कारखान्यात, साच्यात बनवलेल्या पायवर मेल्टन मोब्रे हे नाव लावता येऊ नये, एवढंच मागणं. समोर मोठी कंपनी होती. वर्षानुवर्षं खटला चालला आणि २००९ साली युरोपानं त्या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. मला या लढाईचं फार अप्रूप वाटतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे दोघांचंही नाव त्यात आलं. आमच्या घरी त्यावर बरंच बोलणं झालं होतं. पण माझ्या मामांच्या गल्लीत चप्पल बनवणारे दादा म्हणाले होते, कातडं कमवायला हात लागतात, ते हात दोन्हीकडं आहेत. मेल्टनमध्ये मला ते दादा आठवले. गावाचं नाव हा हातांचा मोबदला असतो. तो फुकट कुणाला देऊ नये.

२००९ पासूनच गावातल्या सेंट मेरीज चर्चमध्ये ब्रिटिश पाय अवॉर्ड्स भरतात. खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत टेबलं मांडून पांढरे कोट घातलेले परीक्षक शेकडो पाय कापतात. त्याआधी पायना आशीर्वाद दिला जातो. मेल्टनकर हे सांगताना आवाज खाली आणतो, देवळात बोलावं तसा.

विगनकराची पाळी फेब्रुवारीत आली. त्यानं मला आधी एका कागदाच्या पाठीवर नकाशा काढून दिला. स्टेशन, डावं वळण, मग ते दुकान, आणि बाजूला वेळ लिहिली, "सव्वाबाराच्या आत." नंतर त्यालाच राहवलं नाही आणि तो स्वतःच सोबत आला.

विगनच्या लोकांना आजूबाजूचे 'पाय-ईटर' म्हणतात. मला आधी वाटलं, पाय आवडतात म्हणून. तिथल्या फुटपाथवर चालताना त्यानं खरी गोष्ट सांगितली. १९२६ च्या संपात खाणकामगार महिनोन् महिने बाहेर होते. पोटाला चिमटा बसला आणि विगनचे कामगार शेजारच्या गावांच्या आधी खाली उतरले, असं सांगतात. नाक मुठीत धरून परत जाण्याला इंग्रजीत अपमानाचा पाय खाणं म्हणतात. तेव्हापासून हे नाव. शेजारच्या सेंट हेलेन्सशी रग्बीचा सामना असला की अजूनही ते नाव मैदानात ऐकू येतं. "माझा पणजोबा त्यात होता," तो म्हणाला. "घरात लहान पोरं होती." पुढं काही बोलला नाही. आज त्या गावानं ते नाव उचलून छातीवर लावलंय. १९९२ साली तिथं पाय खाण्याची जागतिक स्पर्धा सुरू झाली. आधी कोण जास्त खातो ते बघायचे, २००६ पासून एकच पाय कोण लवकर संपवतो ते बघू लागले.

विगनचा पाय गरमच खायचा. आणि खरा विगनकर तो नुसता खात नाही, बार्म नावाच्या मऊ गोल पावात, लोणी लावून, अख्खा पाय दाबून खातो. पावात पीठ, पिठात बटाटा! दुकानाबाहेर उभं राहून मी चीज-कांद्याचा घेतला, त्यानं मांस-बटाट्याचा. कागदातून वाफ येत होती. पहिल्या घासालाच हनुवटीवर रस आला, आणि मला लक्ष्मीपुरीतल्या गाडीसमोर उभं राहून पहिला वडापाव खाल्लेला दिवस आठवला. वड्यातही बटाटा, भोवती बेसन, भोवती पाव. मोठ्या कष्टाच्या गावांना पावात भरलेलं गरम काहीतरी लागतं. तासाभराच्या सुट्टीत, हात न धुता, उभ्यानं खाता येईल असं. विगनकरानं माझ्याकडं बघितलं. मी काही निकाल दिला नाही. त्यानंही मागितला नाही.

फोर्फरची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिथली ब्रायडी बीफची आणि मी ती फक्त हातात धरली. घोड्याच्या नालेसारखी वळलेली. वर एक भोक असेल तर साधी, दोन असतील तर कांद्याची. दुकानात विचारायची गरज पडत नाही. मी खाल्ला तो स्कॉच पाय, मटणाचा, मिऱ्याचा सणसणीत झटका असलेला. त्याचं झाकण कडेपेक्षा बोटभर खाली असतं, म्हणजे वर एक छोटी वाटीच तयार होते. त्यात ग्रेव्ही ओततात. फुटबॉलच्या मध्यंतरात, थंडीत, हात शेकत खायचा. मसाल्याच्या बाबतीत पंच म्हणून माझं मत विचाराल तर तोच पहिला.

मग त्या वर्षी मे महिन्यात आई आली.

आमच्या घरात मटणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न चवीचा नसतो, "आज वार कोणता?" हा असतो. आई सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळते. विमानातही पाळले. तिला घेऊन एका शुक्रवारी मी प्रेस्टनला गेले, तर बाजारातल्या पायच्या टपरीवर मला हवा तसा बिनमांसाचा पाय दिसला. वर पाटी होती, बटर पाय. आत बटाटा, कांदा, लोणी आणि मिरपूड, दुसरं काही नाही. टपरीवरच्या बाईंना मी विचारलं, लँकेशरसारख्या भागात, जिथं बहुतेक पायांत मांसच असतं, तिथं हा कसा आला? त्या म्हणाल्या, प्रेस्टन जुनं कॅथलिक गाव. शुक्रवारी मांस खायचं नाही. म्हणून शुक्रवारचा हा पाय. कुणी याला कॅथलिक पाय म्हणतं, कुणी फ्रायडे पाय.

मी आईला मराठीत सांगितलं. आईनं त्या बाईंकडं अशा नजरेनं बघितलं, जशी ती माहेरच्या माणसाकडं बघते.

"म्हणजे हे पण वार पाळत्यात व्हय!"

तिनं पर्समधून लिंबाच्या लोणच्याची डबी काढली. टपरीवर व्हिनेगरमधल्या लाल कोबीचं लोणचं ठेवलं होतं, पायबरोबर खायला. दोघींनी एकमेकींची लोणची चाखली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. आईला कोबी आंबट लागला, पण रंग फार आवडला. पाय तिनं सगळा संपवला आणि म्हणाली, बटाटा बरोबर शिजलाय, फक्त फोडणी नाही.

कॉर्नवॉलकरीण हे ऐकून गप्प बसली. सोमवारी आली ती ठरवूनच. तिच्या आईनं आम्हां दोघींना बोलावलं होतं. पाचशे किलोमीटरांहून लांब, कॅम्बोर्नजवळच्या गावात.

शनिवारी पहाटे निघालो. वाटेत ती बोलत होती ते सगळं पेस्टीबद्दल. गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा पिवळट कंद. बास. गाजर घालणं म्हणजे पाप. आत सगळं कच्चं भरतात आणि पेस्टीच्याच पोटात मंद आचेवर शिजू देतात. आकार अर्ध्या चंद्राचा. २०११ पासून कायद्यात हे सगळं लिहिलंय, आणि पेस्टी कॉर्नवॉलमध्येच घडवलेली असली पाहिजे. आणि मुरड? मुरड बाजूला, डोक्यावर नाही. डोक्यावर घालतात ते शेजारच्या डेव्हनचे. त्या दोन परगण्यांत यावरून पिढ्यान् पिढ्या चाललंय. २००६ मध्ये डेव्हनच्या एका इतिहासकारानं प्लिमथच्या जुन्या हिशेबांत १५१० च्या सुमाराची पेस्टीची नोंद शोधून काढली आणि सांगितलं, पेस्टी मूळची आमची. "हिशेबात नोंद आहे," कॉर्नवॉलकरीण म्हणाली, "म्हणजे त्यांनी विकत घेतली. आमच्या घरात कुणी हिशेब लिहीत नव्हतं."

डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या हद्दीवरच्या टेमर नदीवरचा पूल ओलांडला आणि तिचा आवाजच बदलला. उच्चार सैल झाले, र जड झाला. मीही कोल्हापूर स्टेशनवर उतरले की माझं असंच होतं.

तिच्या वडिलांनी साउथ क्रॉफ्टीत काम केलं होतं, कॉर्नवॉलची शेवटची टिनची खाण. १९९८ साली बंद झाली. घराच्या मागच्या खिडकीतून एका जुन्या इंजिनघराची चिमणी दिसते. तिच्या आईनं दार उघडलं तेव्हा हाताला पीठ होतं. ओट्यावर चार पेस्ट्या भट्टीची वाट बघत होत्या. प्रत्येकीच्या एका कोपऱ्यावर पिठाचंच अक्षर चिकटवलेलं. खाणीत उतरणाऱ्यांच्या पेस्टीवर अशी अक्षरं असायची, म्हणजे अर्धी खाऊन ठेवली तरी कुणाची ते कळावं. माझ्या पेस्टीवर माझं अक्षर होतं. आईच्या पेस्टीवर इंग्रजी 'ए' होता. तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मी तिला आई म्हणते एवढं त्यांनी ऐकलं होतं, म्हणून आईचा ए.

"या दोन कोकराच्या मटणाच्या आहेत," त्यांनी मला सांगितलं. "तुझ्यासाठी केल्यात. पण यांना मी कॉर्निश पेस्टी म्हणणार नाही हं. नुसती पेस्टी म्हणेन." कायदाही पाळला आणि पाहुणाही. मला काय बोलावं सुचेना.

आणि तेवढ्यात आईनं माझ्या कानात विचारलं, "आज वार कोणता?"

मी ते सांगितलं. मला वाटलं होतं अवघडल्यासारखं होईल. त्या माऊलीनं फक्त मान हलवली, 'ए'ची पेस्टी बाजूला काढून झाकून ठेवली आणि म्हणाल्या, उद्या रविवार. उद्या गरम करू. मग आईला बटाटे उकडून दिले, वर लोण्याचा गोळा.

संध्याकाळी मी त्यांना ती नेहमीची गोष्ट विचारली. खाणीतल्या मातीत आर्सेनिक असायचं, म्हणून कामगार मुरडीची कड धरून पेस्टी खायचे आणि कड टाकून द्यायचे, खरं का? त्या जरा दुखावल्याच. "टाकून? जेवण टाकून?" जुन्या फोटोंत खाणकामगारांच्या हातात कापडात, कागदात गुंडाळलेल्या पेस्ट्या दिसतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत खायच्या. त्यांच्या सासऱ्यांनी कड कधी सोडली नव्हती.

रविवारी मी उठून खाली आले तर स्वयंपाकघरात दोघी आधीच होत्या. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी येत नाही. काल उरलेल्या पिठाचा गोळा मध्ये होता. त्या आईला मुरड दाखवत होत्या. डाव्या अंगठ्यानं कड दाबायची, उजव्या बोटांनी उचलून उलटवायची, दाबायची, उलटवायची, दोरखंडासारखी जाड. आईनं दोन मिनिटं बघितलं. मग पिठाची लिंबाएवढी गोळी घेतली, लाटली, कपाटात सापडलेलं सुकं खोबरं आणि साखर भरली, आणि कड घेऊन सुरू झाली. आईची मुरड गव्हाच्या लोंबीसारखी बारीक. तिचं बोट थांबत नाही. त्या माऊलीनं चष्मा लावला, जवळ वाकल्या आणि बोटानं एकेक मुरड मोजली.

"हिला सांग," आई मला म्हणाली, "गौरी जायच्या दिवशी आपण मुरडीचा कानवला करतो. का करतो ते सांग. पोरगी माहेरातनं निघाली की तिनं परत मुरडून यावं म्हणून."

मी सांगितलं. इंग्रजीत 'मुरडणं' एका शब्दात येत नाही. कड वळवणं आणि माणसानं माघारी वळणं, हे दोन्ही एकच कसं, ते मला हातानं करून दाखवावं लागलं.

त्या बराच वेळ पिठाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्या भावाचं सांगितलं. साठच्या दशकात दहा पौंडांच्या तिकिटावर दक्षिण ऑस्ट्रेलियात मूंटाला गेला. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, इथले खाणकामगार तिथल्या तांब्याच्या खाणींवर गेले होते. मेक्सिकोत गेले, मिशिगनला गेले. मेक्सिकोतल्या रेआल देल मोंतेत अजून पेस्टी खातात, तिथं तिला पास्ते म्हणतात आणि आत मिरची असते. जगात कुठंही जमिनीला भोक असलं तर त्याच्या तळाशी कॉर्नवॉलचा माणूस सापडेल, अशी तिथली म्हणच आहे. "भाऊ निघाला तेव्हा आईनं सहा पेस्ट्या बांधून दिल्या होत्या," त्या म्हणाल्या. "तो एकदाच आला. आईच्या मयतीला."

आई सगळं समजल्यासारखी ऐकत होती. मी भाषांतर करायचं विसरले होते.

'ए'ची पेस्टी गरम झाली. आईनं ती दोन्ही हातांत धरली, अक्षर नसलेल्या टोकापासून सुरुवात केली आणि बाजूच्या मुरडीसकट, अक्षरासकट, सगळी खाल्ली. मिरपूड बरोबर आहे म्हणाली. फोडणीचं काही बोलली नाही.

निघताना आम्हांला डबे मिळाले. टेमरचा पूल मागं पडल्यावर कॉर्नवॉलकरणीनं आपला डबा मांडीवर घेऊन उघडला. एक पेस्टी, तिच्या अक्षराची. आणि कोपऱ्यात बटर पेपरमध्ये गुंडाळलेला एक छोटा, जरा वाकडा कानवला. त्याची मुरड सुरुवातीला दोरखंडासारखी जाड होती आणि शेवटाकडं येता येता बारीक झाली होती.

तिनं डबा बंद केला. "डेव्हन संपू दे," ती म्हणाली, "मग खाते."